आईचं जेवण गेलं आणि आम्ही म्हणालो, वय झालं : हृदयाच्या गोळ्या आणि उतारवय

कृष्णाकाठ

आई परवा दवाखान्यातून घरी आली. आज सकाळी तिनं स्वतःहून भाकरी मागितली, म्हणून आता कुठे लिहायला बसले आहे.

आईचं वय ७९. बारा वर्षांपूर्वी हृदयाचे ठोके अनियमित पडायला लागले, हृदयाची ताकदही कमी झाली आहे असं कळलं. तेव्हापासून डिगॉक्झिनची ०.२५ मिलिग्रॅमची एक गोळी, आठवड्यातून पाच दिवस. शनिवार-रविवार सुट्टी. त्याशिवाय लघवीची गोळी म्हणजे टॉर्सेमाइड, बीपीची गोळी रॅमिप्रिल, आणि गेली तीन वर्षं रक्त पातळ ठेवायला अपिक्साबान ५ मिलिग्रॅम, दोन वेळा.

महिन्यापूर्वी तिला खोकला झाला. खोकला कमी झाला पण जेवण जाईना. आमटीचा वास आला तरी तोंड फिरवायची. मग मळमळ सुरू झाली. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. नातवाला दोनदा माझ्या भावाच्या नावानं हाक मारली. मी, भाऊ, वहिनी, सगळ्यांनी एकच अर्थ लावला, की वय झालं. मावशी भेटायला आली तेव्हा म्हणाली, "आता असंच व्हायचं गं, मनाची तयारी ठेवा."

एका संध्याकाळी दुधाचा पेला हातात घेऊन आई म्हणाली, "यात हळद घातलीस का? पिवळं का दिसतंय?" हळद घातली नव्हती. दिव्याभोवतीही पिवळं दिसतं म्हणाली. भावानं बीपीचं मशीन लावलं, तर नाडी ४४. त्याच रात्री तिला हलवलं. रक्तातली डिगॉक्झिनची पातळी २.८ निघाली, पोटॅशियम २.९. ही गोळी अंगात साठली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तिच्या गोळ्यांचा डबा दर रविवारी मी भरते. बारा वर्षांत एक गोळी जास्त गेली नाही, एक चुकली नाही. मग साठली कशी? डॉक्टर म्हणाले, किडनी कमी काम करते आहे. पण घरी येतानाच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.१ आहे आणि शेजारी छापलंय की १.२ पर्यंत नॉर्मल. कुणाला माहीत असेल तर समजावून सांगा. डबा भरताना आता माझा हात थरथरतो.

रातराणी_७

वाचून अंगावर काटा आला. माझ्या आजीचं शेवटचं वर्ष असंच गेलं. तीही हीच गोळी घ्यायची. आम्ही कुणाला विचारलंच नाही.

बाह्यरुग्ण

कृष्णाकाठ, मी एमडी मेडिसिन. तीस वर्षं ओपीडी केली, आता निवृत्त आहे. तुमच्या आईला मी तपासलेलं नाही, त्यामुळे औषध बदलायचं ते त्यांच्या डॉक्टरांनीच. पण गोळी का साठली ते सांगता येईल, आणि ते नीट सांगायला हवं, कारण तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.

आधी क्रिएटिनिन. हा आपल्या स्नायूंच्या रोजच्या झिजेतून तयार होतो आणि किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. रक्तातला आकडा दोन गोष्टींवर ठरतो, तयार किती होतो आणि बाहेर किती जातो. म्हातारपणी स्नायू आटतात. दंड बघा, मांड्या बघा. तयार होणारा क्रिएटिनिनच कमी, म्हणून किडनी निम्म्यावर आली तरी आकडा १.१ च दिसतो. लॅब शेजारी जे छापते त्यात वय नसतं, वजनही नसतं.

त्यासाठी १९७६ सालापासून एक साधं सूत्र वापरात आहे, कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांचं. १४० मधून वय वजा करायचं, त्याला किलोतल्या वजनानं गुणायचं. येईल त्याला ७२ गुणिले क्रिएटिनिन यानं भागायचं. बाईमाणूस असेल तर उत्तराला पुन्हा ०.८५ नं गुणायचं. मिनिटाला किती मिलिलिटर रक्त किडनी स्वच्छ करते याचा हा अंदाज. आईंचं वजन सांगाल का?

आता डिगॉक्झिन. हे औषध बहुतांशी जसंच्या तसं किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी ठणठणीत असेल तर दीड ते दोन दिवसांत अंगातलं निम्मं उरतं. किडनी अगदीच थकली असेल तर त्याच निम्म्याला चार-पाच दिवस लागू शकतात. म्हणजे कालची गोळी गेलेली नसते आणि आजची येऊन बसते. दुसरं म्हणजे, रक्ताबाहेर हे औषध राहतं ते मोठ्या प्रमाणात स्नायूंमध्ये. स्नायू आटले की त्याची बसायची जागाच कमी होते आणि रक्तातली पातळी चढते. ६७ व्या वर्षी जी मात्रा बरोबर होती ती आज दुपटीसारखी काम करू शकते. म्हणूनच वृद्धांना हे औषध रोज ०.१२५ मिलिग्रॅमच्या वर सहसा देऊ नये असं आता मानतात. हृदय कमजोर असलेल्यांमध्ये रक्तातली पातळी ०.५ ते ०.९ च्या दरम्यान ठेवायची असते. आईंची २.८ होती.

दुधाचा पिवळेपणा मात्र वाचून मी थांबलो. हे औषध ज्या झाडातून आलं त्या फॉक्सग्लोव्हवर विल्यम विदरिंग या इंग्लंडमधल्या डॉक्टरनं १७८५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात हेच सगळं आहे. उलट्या, मंद नाडी, वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसणं. पोट, नाडी, लघवी यांपैकी कशावरही परिणाम दिसायला लागला की औषध थांबवा, असं त्यानं तेव्हाच बजावून ठेवलंय. तुमच्या आईंनी स्वतःच्या तोंडानं निदान सांगितलं होतं.

एक विचारायचंय. पोटॅशियम २.९ म्हणजे बरंच खाली. लघवीच्या गोळीनं ते उतरतं, पण खोकल्यासाठी घरात काही चालू होतं का? आणि जुलाब वगैरे?

कृष्णाकाठ

डॉक्टर, खूप आभार. आधी वजन: फाईलमध्ये ५१ किलो लिहिलंय.

जुलाब नव्हते. खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा, दिवसातून दोनदा, आणि मधेमधे काडी चघळायची. जवळजवळ तीन आठवडे. ते तर आपल्याकडे लहान मुलांनाही देतात ना?

बाह्यरुग्ण

देतात, आणि दोन दिवस काडी चघळल्यानं निरोगी माणसाला काही होत नाही. पण रोज, आठवडेच्या आठवडे घेतलं तर ज्येष्ठमध किडनीला मीठ धरून ठेवायला आणि पोटॅशियम सोडून द्यायला लावतं. बीपी वाढतं, पायावर सूज येते. वरून टॉर्सेमाइड पोटॅशियम बाहेर काढतंच आहे. आणि पोटॅशियम उतरलं की डिगॉक्झिन हृदयाला जास्त जोरानं धरतं. तुमच्या घरात कुणीही वावगं केलं नाही, तीन गोष्टी एका महिन्यात एकत्र आल्या.

५१ किलो धरलं तर: १४० वजा ७९ म्हणजे ६१. गुणिले ५१, म्हणजे ३१११. भागिले ७९.२. येतात ३९. गुणिले ०.८५, म्हणजे ३३. तुमच्या भावाचं वय ४८ आणि वजन ७० किलो असेल आणि त्याचाही क्रिएटिनिन १.१ असेल, तर त्याचे येतील ८१. एकच आकडा, एकाच लॅबचा, दोघांच्याही शेजारी नॉर्मल छापलेलं.

माळरान

सोलापूरकडचा अनुभव लिहितो, कारण किडनीचा विषय निघालाच आहे. माझे वडील, वय ७४, बीपीसाठी रॅमिप्रिल आणि पाण्याची म्हणजे लघवीची गोळी. मे महिन्यात गुडघे फार दुखायला लागले म्हणून गावातल्या दुकानातून डायक्लोफेनॅक आणून दिली, दहा दिवस. ऊन ४३-४४ अंश. पाणीही ते कमीच प्यायचे, रात्री उठावं लागतं म्हणून. अकराव्या दिवशी लघवी जवळजवळ बंद. क्रिएटिनिन ४.६. नशिबानं डायलिसिस लागलं नाही, तीन आठवड्यांत खाली आलं. तिथल्या डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं. पाण्याची गोळी किडनीकडे येणारं पाणी कमी करते, रॅमिप्रिल किडनीच्या चाळणीतला दाब उतरवते, आणि दुखण्याची गोळी आत येणारी रक्तवाहिनी आवळते. एकेक वेगवेगळी असती तर किडनीनं निभावून नेलं असतं. ही दुखण्याची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, हीच मोठी अडचण आहे. आमच्याकडे तिला कुणी औषध समजतच नाही.

काउंटरपलीकडून

माळरान, अगदी बरोबर बोललात. माझं स्वतःचं मेडिकल आहे, बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे, म्हणून जबाबदारी आमचीही आहे हे कबूल करून लिहितो.

माझ्यासमोर रोज दिसणारी एक गोष्ट सांगतो. आजोबा येतात, ॲम्लोडिपिनची चिठ्ठी असते. दोन महिन्यांनी पाय सुजतात. या गोळीनं पाय सुजणं अगदी नेहमीचं आहे आणि म्हाताऱ्या शरीरात ती जास्त वेळ रेंगाळते. पण सूज दाखवायला ते दुसऱ्याच डॉक्टरकडे जातात आणि लघवीच्या गोळीची चिठ्ठी घेऊन येतात. त्या गोळीनं पायात गोळे येतात, चक्कर येते. मग पायातल्या गोळ्यांवर कॅल्शियम, चकरेवर आणखी एक. एका गोळीच्या त्रासावर तीन गोळ्या, आणि पहिलीची मात्रा कमी करून बघावी हे कुणाच्या मनात येत नाही, कारण प्रत्येक चिठ्ठी वेगळ्या डॉक्टरची. रॅमिप्रिलच्या कोरड्या खोकल्यावर महिनोन्‌महिने कफ सिरप पिणारे तर मी मोजायचं सोडून दिलंय.

दुसरं, एकच औषध दोन नावांनी. हृदयवाल्यांनी एका कंपनीचं टॉर्सेमाइड लिहिलेलं, फॅमिली डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीचं. पाकिटांचे रंग वेगळे, म्हणून घरात दोन्ही चालू. स्ट्रिपवर मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, त्याखालचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. चष्मा लावून, दिव्याखाली धरून वाचा.

आणि गिळता येत नाही म्हणून कुटून पाण्यात देऊ नका, आधी विचारा. मेटोप्रोलॉलच्या दिवसभर हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या येतात. त्या खलबत्त्यात घातल्या तर चोवीस तासांचं औषध एकदम सुटतं.

शेवंती

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. बाबा ८२ वर्षांचे. गेल्या सहा महिन्यांत तीनदा पडले, तीनही वेळा रात्री बाथरूमला जाताना. डॉक्टरांकडे बीपी मोजलं की १३० च्या आसपास, उत्तम. बीपीच्या दोन गोळ्या आहेत आणि प्रोस्टेटची टॅमसुलोसिन. न्यूरोचे डॉक्टर झाले, कानाचे झाले, काही सापडत नाही.

बाह्यरुग्ण

शेवंती, दवाखान्यात बीपी बसवून मोजतात. बाबा पडतात उठल्यावर.

आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे ओढलं जातं. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधले संवेदक ते ओळखतात आणि हृदयाला, रक्तवाहिन्यांना सावध करतात. हा सगळा कारभार काही सेकंदांत होतो. वय वाढलं की तो सुस्तावतो. त्यात रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं पोटात असली की मेंदूकडे क्षणभर रक्त कमी जातं. टॅमसुलोसिन हे प्रोस्टेटसाठी असलं तरी त्याचं घराणं बीपी उतरवणाऱ्या औषधांचंच आहे. ते बहुतेक रात्री देतात, आणि लघवीलाही रात्रीच उठावं लागतं.

घरी करून बघा. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या. मग उभं करा, शेजारी दोघं थांबा, आणि एका मिनिटानं व तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर ते लिहून ठेवा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. गोळीची वेळ बदलणं, मात्रा कमी करणं, एखादी काढणं, हे ते ठरवतील. तोपर्यंत पलंगाशी लघवीचं भांडं ठेवा आणि उठताना दोन मिनिटं कडेला पाय सोडून बसायला सांगा.

वाट_वळणाची

हे सगळं वाचून मला तर वाटतं, ऐंशीनंतर या गोळ्या बंदच कराव्यात. माझ्या काकांनी ८१ व्या वर्षी सगळ्या सोडल्या. म्हणाले, आता किती दिवस राहिलेत, शांततेत जगू द्या. त्यांचं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

बाह्यरुग्ण

काकांचा निर्णय त्यांचा होता आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण धागा वाचून कुणी आज रात्री आईवडिलांचा डबा रिकामा करू नये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऐंशीच्या पुढे बीपीवर उपचार करावेत की नाही, यावर डॉक्टरांमध्येच खूप वर्षं वाद होता. २००८ मध्ये हायव्हेट या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ८० वर्षांपुढची ३,८४५ माणसं. बीपी १५०/८० पर्यंत आणायचं, घाई न करता. औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी झाले, आणि हृदय थकून दवाखान्याची वेळ येणं निम्म्याहून जास्त घटलं. इतका फरक दिसला की अभ्यास मुदतीआधी थांबवला. म्हणजे ऐंशीतही गोळी काम करते.

याच्या उलट २०१८ चा ॲस्प्री हा अभ्यास. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतली १९,११४ माणसं, बहुतेक सगळी सत्तरीपुढची, हृदयविकार झालेला नाही अशी. रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन त्यांचा फायदा झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. पण ज्यांना ॲटॅक येऊन गेलाय, ज्यांना स्टेन्ट बसवलाय, त्यांना हे लागू नाही. त्यांनी ॲस्पिरिन मनानं सोडलं तर स्टेन्ट बंद पडू शकतो. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकाएकी थांबवली तर नाडी आणि बीपी उसळतात, छातीत दुखू शकतं. ती पायरीपायरीनंच उतरवावी लागते.

शरीराचं म्हणाल तर गोळी पोटातून रक्तात जाणं वयानं फारसं बदलत नाही. बदल पुढे होतो. यकृत लहान होतं, त्याचा रक्तपुरवठा साधारण एक तृतीयांशानं घटतो. प्रोप्रॅनोलॉल किंवा व्हेरापामिल यांचा मोठा भाग यकृत पहिल्याच फेरीत निकामी करतं, ते म्हातारपणी कमी जमतं, म्हणून तेवढ्याच गोळीतून जास्त औषध रक्तात पोचतं. अंगातलं पाणी कमी होतं, चरबीचा वाटा वाढतो. रक्तातली पातळी तीच असूनही रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनचा परिणाम जास्त होतो. उलट बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉलच्या घराण्यातली औषधं, ज्या ठिकाणी जाऊन काम करतात त्या जागा वयानं थोड्या बोथट होतात. म्हणून "म्हाताऱ्यांना सगळं अर्धं द्या" असा सरसकट नियम नाही. प्रत्येक गोळीचा हिशेब वेगळा, आणि तो वर्षातून एकदा तरी नव्यानं मांडावा लागतो.

वाट_वळणाची

समजलं. काकांना बंद करायच्या आधी कुणी एवढं समजावून सांगितलं असतं तर त्यांनी कदाचित दोन ठेवल्या असत्या. धन्यवाद.

दूरदेशी_लीड्स

मी इंग्लंडमध्ये, आईबाबा नाशिकला. इथे दवाखान्यातला फार्मासिस्ट वृद्ध रुग्णाला सगळ्या गोळ्या घेऊन बसवतो आणि एकेक गोळीचं कारण विचारतो. ही का चालू आहे, अजून लागते का, शेवटची रक्ततपासणी कधी झाली. हे बघून मी दिवाळीत बाबांबरोबर व्हिडिओ कॉलवर तेच केलं. त्यांनी डबा पलंगावर उलटा केला आणि एकेक पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं. अकरा निघाली. त्यातली तीन कशासाठी हे त्यांनाही माहीत नव्हतं, आईलाही नाही. ती यादी टाइप करून फॅमिली डॉक्टरांना पाठवली. त्यांनी दोन काढल्या. इतक्या लांबून माझ्या हातून झालेलं हे एक काम.

रातराणी_७

कृष्णाकाठ, आईंना पोटॅशियमसाठी नारळपाणी रोज द्या ना. आमच्याकडे रत्नागिरीला अशक्तपणाला तेच देतात.

बाह्यरुग्ण

थांबा. आईंना रॅमिप्रिल चालू आहे, ते पोटॅशियम अंगात धरून ठेवतं. पोटॅशियम घालवणारा काढा बंद झालाय. किडनी तिशीच्या घरात आहे. आज कमी असलेलं पोटॅशियम अशा शरीरात दहा दिवसांत जास्तही होऊ शकतं, आणि जास्त पोटॅशियम हृदयाचा ठोका थांबवू शकतं. नारळपाण्यात ते भरपूर असतं. बीपीवाल्यांसाठी मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठातही पोटॅशियमच घातलेलं असतं. आधी रक्ताचा रिपोर्ट, मग नारळ.

कृष्णाकाठ

चार दिवसांनी लिहिते आहे. काल आईला तपासायला नेलं. नाडी ६८. पोटॅशियम ४.४, म्हणून डॉक्टरांनी नारळपाणी नको म्हणून सांगितलं. डिगॉक्झिन कायमचं बंद केलंय, त्याऐवजी बिसोप्रोलॉलची अगदी लहान मात्रा सुरू केली. दूध पांढरं दिसतंय. काल रात्री तिनं नातवाला त्याच्याच नावानं हाक मारून ओरडलं, त्यानं चप्पल घालून देवघरात पाऊल टाकलं म्हणून. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.

एक विचारायचं राहिलं. डॉक्टर, फाईलमधलं ५१ किलो वजन दोन वर्षांपूर्वीचं आहे, हे माझ्या काल लक्षात आलं. हिशेबाला तेच चालेल?

बाह्यरुग्ण

नाही. आजचं हवं. आणि आईंची ऐंशी कधी पूर्ण होतात?

कृष्णाकाठ

आत्ता शेजारच्या दुकानातल्या काट्यावर उभी केली. ४३.

मीच मांडून बघितलं. ६१ गुणिले ४३ म्हणजे २६२३. भागिले ७९.२, गुणिले ०.८५. २८ येतात. बरोबर आहे का?

ऐंशी ऑगस्टमध्ये. भाऊ सहस्रचंद्रदर्शन करायचं म्हणतोय.

बाह्यरुग्ण

बरोबर आहे, २८. दोन वर्षांत आठ किलो गेले, हेही डॉक्टरांना वेगळं सांगा.

वय विचारलं ते अपिक्साबानसाठी. या गोळीचा एक नियम आहे. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. तिन्हीपैकी दोन लागू झाल्या की ५ मिलिग्रॅमऐवजी २.५ द्यायची, दोन वेळाच. आज आईंना एकच लागू आहे, वजनाची, म्हणून या नियमानं ५ च येते; पण किडनीचे २८ आलेत आणि युरोपात तीसच्या खाली २.५ च सांगतात, म्हणून हे आताच डॉक्टरांना विचारा, तुम्ही मनानं कमी करू नका. कमी पडली तर रक्ताची गाठ होऊन पक्षाघाताचा धोका. पण वाढदिवसाला दुसरी अट लागू होते. तेव्हा तो आठवडा चुकवू नका, डॉक्टरांना आधी भेटा.

कृष्णाकाठ

कॅलेंडर काढलं. भावानं त्या तारखेला आधीच लाल पेनानं "आई ८०" लिहून गोल केला होता. त्याच चौकटीत खाली मी बारीक अक्षरात लिहिलंय: वजन, क्रिएटिनिन, अपिक्साबानचं विचारणे.